से कॅथेड्रल गॉथिक आहे का? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

मागच्या अंकात या सदरात जुने गोवेचा हातानं काढलेला नकाशा छापला होता आणि खाली एक ओळ टाकली होती: से कॅथेड्रलबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. आलेली पत्रं संपादकांनी एका जाड पाकिटात कोंबून माझ्याकडे धाडली. त्यातली निवडक घेतोय. निवड माझीच आहे, तेव्हा ज्यांनी फक्त गाडी कुठे लावायची एवढंच विचारलंय त्यांनी रागावू नये.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी झाली, वडील चिऱ्याचं काम करणारे गवंडी, घर रायबंदरला. कुठल्याही इमारतीत शिरलो की माझी नजर आधी छताकडे जाते, कारण खरं ओझं तिथे असतं. संतांची पाळी नंतर.

प्रश्न : सुट्टीत सहकुटुंब गोव्याला आलो होतो. गाइडनं से कॅथेड्रलला 'मध्ययुगीन गॉथिक चर्च' म्हटलं. मुलगी फ्रान्समध्ये शिकते, तिच्याकडे गेलो तेव्हा शार्त्रचं कॅथेड्रल पाहिलं होतं. त्यातलं इथे काहीच दिसेना. टोकदार कमानी नाहीत, रंगीत काचा नाहीत. गाइड चुकला की आम्ही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गाइड चुकला, पण सगळा दोष त्याच्या माथी मारू नका. पुरातत्त्व खात्याच्या वर्णनातसुद्धा 'पोर्तुगीज-गॉथिक' असा शब्द आहे, आणि त्याला लागूनच म्हटलंय की इमारत बाहेरून टस्कन आणि आतून कोरिंथियन. आता टस्कन आणि कोरिंथियन ही रोमन परंपरेतल्या खांबांची घराणी. गॉथिक गवंड्यांनी नेमकी तीच शिस्त सोडून दिली होती. एकाच वाक्यात हे तिघे कसे नांदणार? मला विचाराल तर 'गॉथिक' हा शब्द तिथून उचलावा. पण पूर्ण फेकून देऊ नये, त्याचं थोडं काम आहे. ते शेवटी सांगतो.

आधी तारखा पाहू. तुम्ही पाहिलेल्या शार्त्रच्या जागी पूर्वी जे चर्च होतं ते ११९४ च्या आगीत जळालं आणि आजची इमारत बहुतांशी पुढच्या तीसेक वर्षांत उभी राहिली. आपलं से कॅथेड्रल बांधायला घेतलं १५६२ साली, पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव याच्या कारकिर्दीत. १६१९ च्या सुमारास मुख्य काम आटोपलं, १६४० ला विधिवत अभिषेक झाला आणि आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. म्हणजे शार्त्र आणि आपलं कॅथेड्रल यांत साडेतीनशेहून जास्त वर्षांचं अंतर. एवढ्या काळात युरोपातली हवा पार पालटली होती. इटलीत जुनं रोमन बांधकाम पुन्हा मोजून-मापून शिकायला लागून शतक उलटलं होतं, आणि कॅथलिक चर्चनं स्वतःची घडी नव्यानं बसवण्यासाठी ट्रेंटला भरवलेली परिषद १५४५ पासून चालू होती. ती संपली १५६३ मध्ये, म्हणजे आपल्या कॅथेड्रलचं काम सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षी.

आता छताकडे येऊ. दगडी छत खाली दाबतं हे कुणालाही समजतं, पण ते भिंतींना बाहेरही ढकलतं. वडील शिकाऊ पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगायचे: कमान खाली पडत नाही, ती बाजूला पळते, तिला पळू देऊ नका. गॉथिक गवंड्यांनी या पळण्यावर असा तोडगा काढला की छताचा भार दगडी फासळ्यांवरून, छत्रीच्या काड्यांवरून कापड तोललं जावं तसा, ठरावीक खांबांवर आणायचा आणि बाहेरून तिरक्या दगडी टेकूंनी ते खांब आवळून धरायचे. मग मधल्या भिंतीला काही कामच उरत नाही. ती काढून तिथे काच बसवता येते. शार्त्रच्या त्या निळ्या-तांबड्या काचा ही सजावट खरी, पण ती शक्य झाली भिंतीला रजा मिळाली म्हणून.

से कॅथेड्रलमध्ये भिंतीला रजा नाही. बाहेर फिरून पाहा, एकही तिरका टेकू दिसणार नाही. मधल्या मुख्य दालनावर लांबच लांब अर्धगोल कमानछत आहे, दोन्ही बाजूंना एकेक पट्टा आणि त्याच्याही पलीकडे एका बाजूला चार अशी आठ छोटी प्रार्थनालयं. या प्रार्थनालयांमधल्या आडव्या भिंती मला आतल्या बाजूनं दिलेल्या टेकूंसारख्या वाटतात. जे काम शार्त्रला बाहेर उघड्यावर चालतं ते इथे घरात घेतलंय. जिथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो तिथे ते शहाणपणाचंच ठरलं. तिरक्या टेकूंच्या सांध्यासांध्यात शेवाळ आणि पिंपळ रुजला असता.

मापं सांगतो, मला ती तोंडपाठ आहेत. लांबी २५० फूट, रुंदी १८१ फूट, दर्शनी भागाची उंची ११५ फूट. शार्त्रचं आतलं छत ३७ मीटरच्या आसपास, म्हणजे १२० फुटांच्या वर. आपल्या कॅथेड्रलचं अख्खं दर्शनी तोंड उंचीला तिथल्या छताखाली मावेल. तुम्हाला 'त्यातलं काहीच' इथे दिसलं नाही याचं एक कारण हेच. शार्त्र माणसाला वर ओढतं. आपलं कॅथेड्रल आडवं पसरतं, दारातून सरळ वेदीकडे नेतं. ट्रेंटनंतर चर्चला तेच हवं होतं: सगळ्यांना वेदी दिसावी, प्रवचन ऐकू यावं.

आणखी एक खूण आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मध्ययुगीन युरोपात वेदी शक्यतो पूर्वेला आणि दर्शनी भाग पश्चिमेला. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे, म्हणजे वेदी पश्चिमेला गेली. देवळाला सरावलेल्या आपल्या डोळ्यांना यात काही खटकत नाही, म्हणूनच ते लक्षात येत नाही.

मग याचं घराणं कोणतं? पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या काळात तिथे तीन नवी बिशपपीठं झाली: मिरांदा आणि लैरिया १५४५ साली, पोर्तालेग्रे १५४९ साली. तिन्ही ठिकाणी १५५० च्या दशकात कॅथेड्रलं उभारायला घेतली. जाड भिंती, रुंद दालनं, सजावट हात राखून. आपलं कॅथेड्रल या तिघांचं धाकटं भावंड म्हणावं असं आहे. त्याच्या कामाशी जूलियो सिमांव आणि अँब्रोसियो आर्गुएरो ही नावं जोडली जातात. लिस्बनचं कॅथेड्रल मात्र खरं मध्ययुगीन. ११४७ मध्ये राजा अफोन्सो हेन्रिकेशनं मूर म्हणजे मुसलमान सत्तेकडून शहर जिंकलं आणि त्याच सुमारास ते बांधायला घेतलं. शहर जिंकायचं आणि मग बिशपचं आसन मांडायचं ही रीत पोर्तुगीज तिथूनच शिकून आले होते.

आता गॉथिक या शब्दाचं ते थोडं काम. कॅथेड्रलमध्ये मुख्य दालन आणि आडवं दालन जिथे एकमेकांना छेदतात तिथे उभे राहा आणि वर पाहा. तिथल्या छताला फासळ्या आहेत. पोर्तुगालच्या गवंड्यांच्या हातात ही विद्या सोळाव्या शतकातही जिवंत होती आणि अवघड जागी ते तीच वापरत. कागदावर रोमन खांब काढणारा नकाशानवीस वेगळा आणि परांचीवर उभा राहून छत मिटवणारा गवंडी वेगळा. मला तरी दालनं छेदतात त्या चौकात गवंड्याचा हात दिसतो.

खरं मध्ययुगीन काही पाहायचं असेल तर पुढच्या खेपेला मोले रस्त्यानं तांबडी सुर्लाला जा. महादेवाचं ते लहानसं काळ्या बेसाल्टचं देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातलं, म्हणजे शार्त्रचं समवयस्क. मुलीला सांगा, त्या वेळी आमच्याकडे हे चाललं होतं. छताच्या दगडात कोरलेलं कमळ तिला दाखवायला विसरू नका.

प्रश्न : कॅथेड्रलला एकच मनोरा का? पैसे संपले होते का? लहानपणी आजी सांगायची की त्यातली घंटा ऐकली की लोक घरात लपायचे. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पैसे संपले नव्हते, मनोरे दोन्ही झाले होते. उत्तरेकडचा १७७६ साली कोसळला. त्यावर वीज पडली असं सांगतात. तो पुन्हा का उभारला नाही याला मात्र आकाशातलं कारण शोधायची गरज नाही. तोवर शहरच ओस पडत चाललं होतं. रोगराईला कंटाळून व्हाइसरॉय १६९५ लाच जवळच्या पणेलीला राहायला गेले होते आणि १७५९ मध्ये पणजीच्या वाड्यात. ज्या शहरात राज्यकर्ता राहत नाही तिथल्या मनोऱ्यासाठी खजिन्याचं कुलूप कोण उघडणार? राजधानी म्हणून पणजीच्या नावावर शिक्का १८४३ ला बसला, पण तो कागदोपत्री.

माझं एक वैयक्तिक मत: एका मनोऱ्यानं ही इमारत जास्त चांगली दिसते. दोन्ही असते तर ती कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसली असती. नकाशा काढताना मात्र हा लंगडा तोल फार छळतो.

राहिलेल्या दक्षिणेकडच्या मनोऱ्यात पाच घंटा आहेत. त्यातली मोठी ती 'सोन्याची घंटा'. नाव तिच्या नादावरून पडलं, धातूवरून नव्हे. तुमच्या आजीची गोष्ट हवेतली नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ चाललं, मध्ये १७७४ ते १७७८ एवढा खंड पडला होता. त्याचा वाडा याच चौकात कॅथेड्रलच्या दक्षिणेला होता. पूर्वी तो आदिलशाही वाडा. आज त्याचा मागमूस नाही. चार्ल्स देलों नावाचा फ्रेंच डॉक्टर त्यांच्या कैदेत होता. १६७६ च्या जानेवारीत शिक्षा जाहीर करण्याच्या दिवशी पहाटे ही मोठी घंटा वाजली आणि कैद्यांना अनवाणी चालवत सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये नेलं, असं त्यानं नंतर लिहून ठेवलंय. मनोरा कोसळला ते १७७६ हे वर्ष नेमकं त्या खंडाच्या काळात येतं. यात अर्थ शोधू नका, पण मला ते लक्षात राहिलंय खरं.

प्रश्न : मुख्य वेदीवर सोनेरी चौकटीत एका स्त्रीची कथा कोरलेली आहे. ती कोण? आमच्या शाळेची सहल जायची आहे, मुलं विचारणार. (एक शिक्षिका, म्हापसा)

उत्तर : अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन. कथा मुलांना आवडेल अशी आहे, शेवट सोडून. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन सम्राटासमोर या तरुण मुलीनं पन्नास विद्वानांशी वाद घातला आणि त्यांना गप्प केलं. सम्राटानं तिला अणकुचीदार चाकावर मारायचं फर्मान काढलं, चाकच मोडलं, मग तलवारीनं शिरच्छेद. देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला. हे सगळं आख्यान आहे हं, इतिहास नव्हे. १९६९ मध्ये रोमनं तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढला होता, २००२ ला परत घातला.

पण ही इजिप्तची मुलगी मांडवीकाठी कशी आली, हे मुलांना जरूर सांगा. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकेर्कनं १५१० मध्ये गोवा दोनदा घेतलं. पहिल्यांदा घेतलं ते इस्माईल आदिलशहाच्या फौजेनं काही महिन्यांत परत हिसकावलं. होनावरचा आरमारी सरदार तिम्मय्या याची मदत घेऊन आल्बुकेर्क परतला आणि २५ नोव्हेंबरला शहर पडलं. त्या दिवशी कॅथरीनचा सण होता. एवढ्यावर ती या शहराची संरक्षक झाली. सण दुसऱ्या कुणाचा असता तर वेदीवर दुसरा कुणी असता. तिचं ते चाक पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हात जाऊन बसलं.

त्याच वर्षी तिच्या नावानं छोटं प्रार्थनामंदिर बांधलं. १५३४ मध्ये पोप तिसऱ्या पॉलनं गोव्याला बिशपचं पीठ दिलं आणि त्या इवल्या जागेला कॅथेड्रलचा मान मिळाला. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल यानं ते वाढवलं आणि तिथे दगडी पाटी बसवली: या जागी असलेल्या दारातून आल्बुकेर्क शहरात शिरला. पुढे गोव्याचं पीठ आर्चबिशपचं झालं, त्याच्या हाताखाली पूर्वेकडचा केवढा तरी मुलूख आला. त्या पदाला साजेशी इमारत हवी म्हणून आजचं कॅथेड्रल. पैसा राजाच्या खजिन्यातून आला. मुलांना आधी मागच्या बाजूला ते लहान चॅपल दाखवा आणि मग मोठ्या कॅथेड्रलच्या दारात उभं करा. बाकी तुम्हाला फारसं बोलावं लागणार नाही. तेव्हाचं ते चॅपल आता जसंच्या तसं उरलेलं नाही, १९५२ मध्ये ते पुन्हा बांधलंय. पाटी मात्र वाचून घ्या.

प्रश्न : सेंट झेवियर याच चर्चमध्ये प्रवचन करत का? त्यांचं शव बॉम जेझूमध्ये असतं, तर शवप्रदर्शनाला इथे का आणतात? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : झेवियरनी ही इमारत पाहिलीच नाही. ते गोव्यात आले १५४२ च्या मे महिन्यात आणि चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचांव बेटावर वारले ३ डिसेंबर १५५२ ला. कॅथेड्रलचं काम त्यानंतर दहा वर्षांनी सुरू झालं. आत उजव्या हाताला बाप्तिस्म्याचं एक दगडी पात्र आहे, १५३२ चं. ते त्यांनी वापरल्याचं सांगतात. पात्र इमारतीपेक्षा जुनं असल्यामुळे निदान तारखेचा अडसर नाही.

शव इथे आणतात ते जागेसाठी आणि मानासाठी. बॉम जेझू एका दालनाचं, हे प्रशस्त. शिवाय हे आर्चबिशपचं चर्च. दर दहा वर्षांनी सोहळा होतो. मागचा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झाला. त्या दीड महिन्यात आम्ही रायबंदरचे लोक पणजीला जायलाही दोनदा विचार करतो, पण तक्रार नाही. गोंयच्या सायबाकडे, म्हणजे झेवियरकडे, आमच्या वाड्यावरची हिंदू माणसंही जातात, रांगेत उभी राहतात.

प्रश्न : बॉम जेझू लाल आणि से कॅथेड्रल पांढरं असं का? लाल दगडच जास्त देखणा दिसतो. कॅथेड्रलचाही चुना काढून टाकला तर? (एक तरुण वाचक, कुडाळ)

उत्तर : नको रे बाबा!

दोन्ही चिऱ्याचीच आहेत आणि दोन्ही पांढरी होती. बॉम जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुरचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली काढला गेला. दगड उघडा असला की इमारत जुनी आणि भारदस्त दिसते, अशी त्या काळची आवड. तुमचीही तीच दिसते. पण चिरा म्हणजे काळा पत्थर नव्हे. खाणीत असतो तेव्हा तो कुऱ्हाडीनं तासता येण्याइतका मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण अंगभर भोकं राहतातच आणि पाणी पितो. पावसात भिजायचं, उन्हात वाळायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की पृष्ठभागाचा भुगा होऊन गळू लागतो. बॉम जेझूच्या उत्तरेच्या भिंतीवर हात फिरवला तर तळहाताला तांबडी माती लागते. म्हणूनच फिरवू नका.

चुन्याचा गिलावा हे चिऱ्याचं पांघरूण. आमच्याकडे चुना शिंपल्या भाजून करत. वडिलांच्या हाताखाली मी तो मळलाय, आणि त्या कामानं बोटांना पडणाऱ्या भेगा अजून आठवतात. चुना पाणी अडवतो, पण आत शिरलेला ओलावा वाफ होऊन बाहेरही जाऊ देतो. दर पावसाळ्यानंतर सफेदी करायची ती शोभेसाठी नव्हे, हे पांघरूण शाबूत राहावं म्हणून. सिमेंट नेमकं उलटं करतं, ओलावा आत कोंडतं. आमच्या भागातल्या एका लहान चॅपलला भाविकांनी हौसेनं वर्गणी काढून सिमेंटचा गिलावा दिला. चार पावसाळ्यांत तो फुगला, आणि पडताना दगडाचा थर सोबत घेऊन पडला. वर्गणी काढणाऱ्यांना आधी सांगणारा मीच होतो, पण फुकट सल्ल्याला किंमत नसते.

फोटोसाठी लाल हवं असेल तर संध्याकाळचं ऊन पडल्यावर बॉम जेझू पाहा, त्याचं तोंड पश्चिमेला आहे. से कॅथेड्रलसाठी सकाळ.

प्रश्न : मंगेशी, शांतादुर्गा या देवळांचे घुमट आणि खिडक्या चर्चसारख्या दिसतात. आपण त्यांची नक्कल केली का? आमच्या घरात यावरून वाद झाला आहे. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : वाद मिटवायला मला बोलावताय, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या मला.

घेतलं, यात शंका नाही. पण कुणी, कुठे आणि कधी घेतलं ते पाहा. १५६० च्या आसपास साष्टी-तिसवाडीतली देवळं पाडली जात असताना मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळला. हा सगळा फोंड्याचा भाग तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. तो त्यांच्या हाती लागला १७६३ ला. कवळ्याचं आजचं देऊळ १७३८ चं, साताऱ्याच्या शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकारानं झालेलं. म्हणजे जबरदस्ती करायला तिथे कुणी नव्हतं. आपल्या लोकांनी आठ कोनी बैठकीवरचा घुमट, अर्धगोल कमानीच्या खिडक्या, कठडे हे सगळं आवडलं म्हणून, पावसाला टिकतं म्हणून आणि गवंड्यांना येत होतं म्हणून घेतलं. गर्भगृहाला, पालखीच्या वाटेला धक्का लागू दिला नाही. याला नक्कल म्हणायला मी तयार नाही. ज्या वेळी साताऱ्या-पुण्याकडच्या देवळांत इस्लामी पद्धतीच्या कमानी येत होत्या तेव्हा आपण त्यांना नक्कल म्हटलं नाही.

देवघेव एका बाजूची नव्हती. १५६७ च्या गोव्यातल्या प्रांतिक धर्मपरिषदेनं चर्चची पवित्र कामं हिंदू कारागिरांना देऊ नयेत असा ठराव केला. तशी बंदी पुढेही पुन्हा घालावी लागली. यावरून काय समजायचं ते समजा. कामं चालूच होती. लाकूड कोरणारा, चांदी ठोकणारा हात ज्या गावात होता तिथूनच येणार. झेवियर यांच्या शवाची चांदीची पेटी १६३७ च्या सुमारास गोव्यातच घडली. कॅथेड्रलमधल्या दोन प्रार्थनालयांना लाकडी जाळीदार पडदे आहेत, एक पवित्र संस्काराच्या वेदीला आणि दुसरा 'चमत्काराच्या क्रुसा'ला. त्या जाळीसमोर थोडा वेळ थांबा. मला तर ती आपल्याकडच्या मखराच्या जाळीची सख्खी बहीण वाटते. मोन्ते सांतोच्या टेकडीवर रोझरीचं चर्च आहे, १५४४ ते १५४९ चं; तिथे गव्हर्नर गार्सिया द सा याच्या बायकोचं, दोना कातारिनाचं स्मारक आहे. त्यावरचं कोरीवकाम सरळ सरळ गुजराती धाटणीचं. पोर्तुगीज गव्हर्नराच्या घरचं थडगं, आणि वेलबुट्टी अहमदाबादच्या मशिदींत शोभावी अशी.

घरातला वाद यानं मिटणार नाही. पण तो जेवणाच्या टेबलावरून कवळ्याच्या प्रांगणात न्या, तिथे करायला जास्त मजा येईल.

प्रश्न : वेळ एकच सकाळ आहे. काय पाहावं आणि कोणत्या क्रमानं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सगळे आधी बॉम जेझूला पळतात आणि तिथेच दमतात. तुम्ही आधी टेकडीवर रोझरीच्या चर्चला जा, तिथे गर्दी नसते. वेदीवरच्या छताच्या फासळ्या पाहा. गोव्यात उशिराचं गॉथिक पाहायचं तर ते तिथे आहे, से कॅथेड्रलमध्ये नव्हे. शेजारी सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा दिसेल, ४६ मीटर उंच. छत १८४२ ला खाली आलं आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा १९३१ ला. कमान पळू दिली की काय होतं ते तिथे कळतं.

खाली उतरून कॅथेड्रलच्या मागे सेंट फ्रान्सिसच्या चर्चला जा. आजची इमारत १६६१ ची, पण तिचा दरवाजा तिथल्या आधीच्या चर्चमधून उचलून बसवलाय, राजा मानुएलच्या काळच्या शैलीतला, कमानीच्या नक्षीत दोन्ही बाजूंना खगोलगोल कोरलेले. हा काळ्या दगडाचा दरवाजा आणि कॅथेड्रलचा शांत, सरळ रेषांचा दरवाजा एकामागून एक पाहिले की पुण्याच्या वाचकाला वर दिलेलं लांबलचक उत्तर पाच मिनिटांत समजतं. मग कॅथेड्रलमध्ये शिरा, मधल्या दारानं. वेदीकडे जाण्याआधी दालनं छेदतात तो चौक येईल, तिथे थांबून वर पाहायचं आहे.

वेळ उरला तर सेंट फ्रान्सिसच्या मठातलं पुरातत्त्व संग्रहालय पाहा. कदंबांच्या काळचे वीरगळ आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रं एकाच छपराखाली आहेत. शुक्रवारी ते बंद असतं.